गार्ड साळुंखे यांचा चार्ज

आमचे हे बँकेचे गार्ड होते, हे आधी सांगते. नाहीतर आयर्लंडमधल्या एनिस गावात, भर दिवसा, बाजारपेठेत ते बंदूक घेऊन का उभे राहिले ते कुणाला कळायचं नाही, आणि लोक म्हणतील म्हातारा वेडा होता. वेडे नव्हते. विसरत होते. ह्या दोन्हींत फरक आहे, आणि तो मी डॉक्टरांपासून जावयापर्यंत सगळ्यांना सांगून सांगून थकले.

नाव मुरलीधर साळुंखे. लिहायला चालतं. तोंडाने मी ते कधी घेतलं नव्हतं, लग्नातला उखाणा सोडला तर. मी बालवाडीची बाई, शिकलेली, त्यामुळे आमची मुलगी रेवती म्हणायची, "आई, हे काय जुनाट?" असू दे जुनाट. त्यांनीही माझं नाव कधी चारचौघांत घेतलं नाही. "अगं ए" म्हणायचे, आणि ती हाक कोणाला आहे हे अख्ख्या आळीला कळायचं.

सैन्यातून हवालदार होऊन सुटले आणि कोरेगावच्या एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभे राहिले, ते रिटायर होईपर्यंत. बालवाडी सुटली की मी बँकेत जाऊन बाकावर बसायची. त्यांची पाळी संपली की दोघं मिळून घरी जायचो आणि एकदम जेवायचो. कधी जादा ड्युटी लागली तर मी ताटाला हात लावत नसे. ते माहीत असल्यामुळे बिचारे वाटेत कुठे चहालासुद्धा थांबायचे नाहीत.

त्या बाकावर बसून बसून बंदुकीच्या सगळ्या रीतीभाती मला पाठ झाल्या. नळी माणसाकडे करायची नाही, रिकामी असली तरी. बोट घोड्यावर नाही, बाजूला. गर्दीतून जायची वेळ आली तर भिंतीकडून जायचं आणि लोकांना तोंडाने सांगायचं, "दादा, जरा बाजूला", बंदुकीने ढकलायचं नाही. बंदूक भिंतीला टेकवायची नाही, आणि जमिनीवर तर मुळीच टाकायची नाही. पाळी बदलायला येणाऱ्या रिलीव्हरशिवाय कुणाच्या हातात द्यायची नाही, मग समोर मॅनेजर असो नाहीतर प्रत्यक्ष ब्रह्मदेव. एकदा माझ्या चुलतभावाच्या लग्नात नवरदेवाच्या मामाने वरातीत लायसनच्या पिस्तुलातून हवेत बार काढला. हे भरल्या पंगतीतून उठले. "हत्यार मिरवायला न्हाई दिल्यालं," एवढंच म्हणाले आणि चालू पडले. मागोमाग मी, उपाशी. जिलेबी तशीच पानात राहिली. त्याचा राग मला अजून आहे.

आणि चार्ज. चार्ज देणं म्हणजे बंदूक पुढच्या गार्डाच्या स्वाधीन करणं. यांचा रिलीव्हर पुरुषोत्तम जाधव, उंचीने माझ्याएवढा, बुटका माणूस. तो टोपी नीट करून पायऱ्यांपाशी उभा राहायचा आणि म्हणायचा, "गार्ड मुरलीधर साळुंखे, रिलीव्हर हजर." हे विचारायचे, "कोण?" तो आपलं पूर्ण नाव सांगायचा. रोज. अरे, वीस वर्षं एकत्र काम करताय, कोण म्हणून काय विचारता? मी बाकावर हसायची. मग हे बंदूक मधून मोडायचे, काडतुसं काढायचे, नळ्या उजेडाकडे धरून आरपार बघायचे आणि दस्ता पुढे करून द्यायचे. "चार्ज दिला." "चार्ज घेतला." की मग चेहरा एकदम सैल पडायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "चल गं."

रिटायर झाले, जाधव वारला, आणि हळूहळू यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजारी, मग आमचा स्वतःचा पत्ता. रेवतीला फोनवर "कोण बोलतंय?" म्हणाले तेव्हा ती पोर तासभर रडली असेल. दोन गोष्टी मात्र राहिल्या. एक ड्युटी, रोज सकाळी दाढी करून बँकेच्या दारात जाऊन उभं राहायचं. तिथला नवा गार्ड समंजस, राहू द्यायचा. आणि दुसरी मी. मला ओळखायचे. डॉक्टर म्हणाले, "काकू, हेही जाईल, मनाची तयारी ठेवा." मी म्हटलं, ठेवते. डोंबल ठेवली. रात्री झोपताना देवाला एकच सांगायची, सगळं ने, एवढं एक ठेव.

रेवती एनिसला असते, जवळच्या शॅनन गावातल्या एका कंपनीत कामाला जाते. जावई निमिषराव घरूनच कॉम्प्युटरवर काम करतात. "आई, बाबांना घेऊन ये तीन महिने, हवापालट होईल," म्हणाली म्हणून गेलो. हवापालट झाला, माणूस तोच. चौथ्या दिवशी सकाळी हे गायब. शोधून शोधून आमच्या नाकी नऊ आले, तर बाजारातल्या अरुंद रस्त्यावर एका बँकेच्या दारात हात मागे बांधून ताठ उभे. सामानात लपवून आणलेला खाकी शर्ट स्वेटरच्या आत घातलेला.

तिथली माणसं भली. बँकेतल्या मुलीने खुर्ची आणून दिली, हे बसले नाहीत. येणारे जाणारे काहीतरी म्हणायचे, हे म्हणायचे, "राम राम." नोरा म्हणून एक पोलीस बाई होती, तिने चौकशी केली. रेवतीने सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "ही इज ग्रँड, उभं राहू दे की." ग्रँड म्हणजे तिथे ठीक. तेव्हापासून हा त्यांचा नेम झाला. मी बरोबर जायची आणि समोरच्या बाकावर स्वेटर विणत बसायची. कोरेगावसारखंच. तो महिना माझा बरा गेला, खोटं कशाला सांगू.

यांची तक्रार एकच. "बँकेला गार्ड न्हाई, पोलीसबाईच्या कमरेला काय न्हाई. हत्याराबिगर कसली ड्युटी?" मी म्हणायची, इथे तशीच पद्धत आहे, इथले साधे पोलीस बंदूक बाळगत नाहीत. ते नोराच्या रिकाम्या हातांकडे बघून हळहळायचे. एका रविवारी मात्र घरामागच्या वाटेवर एक शेतकरी भेटला, टिम त्याचं नाव, कावळे मारायला निघालेला. त्याच्या दंडावर दुनळी, पण मधून मोडलेली, नळ्या खाली लोंबताहेत. हे बाजूला सरकून सावधान उभे राहिले. टिमने मान झुकवली. तो गेल्यावर हे म्हणाले, "शिकल्याला हाय. उघडी धरलीय, म्हंजी समोरच्याला दिसतंय रिकामी हाय. ह्याला म्हणायचं रीत." दिवसभर तेच. विसरलेच नाहीत.

आता खरी गोष्ट. तिकडच्या मराठी मंडळींचा गणपती असतो, हॉल घेऊन दीड दिवसाचा, आणि त्यात नाटक. त्या वर्षी बँकेवर दरोडा पडतो असलं काहीतरी विनोदी होतं आणि निमिषराव झाले होते बँकेचे गार्ड. म्हणजे बंदूक हवी. लाकूड, नळाचे पाइप, काळा रंग घेऊन गॅरेजमध्ये कामाला लागले. हे बघत होते. अर्ध्या तासात म्हणाले, "दस्ता असला आसतोय व्हय?" आणि सुतारकाम हातात घेतलं. बिजागरी बसवून घेतली, म्हणजे बंदूक मधून मोडली पाहिजे. दस्त्याला पॉलिश केलं. ज्या माणसाला आपल्या मुलीचं नाव आठवत नाही त्याच्या बोटांना हे सगळं आठवत होतं. मी आणि रेवती कौतुकाने बघत होतो. मंडळाच्या लोकांनी फोटो काढले, किती हुबेहूब म्हणाले. त्या हुबेहूबपणाचा मला पुढे वीट आला.

टिमने तेवढं बोलून दाखवलं होतं. निमिषराव ती तशीच, न गुंडाळता हातात धरून गाडीकडे चालले होते, तर तो कुंपणापलीकडून ओरडला की आधी ती झाक. खोटी आहे, लाकडाची आहे, म्हणून निमिषराव हसले. तो हसला नाही. म्हणाला, या देशात रस्त्यावर असलं काही दिसलं की हत्यारबंद पोलीस येतात, आणि ती लाकडाची होती हे नंतर कळतं. मग जावयांनी ती दुलईच्या खोळीत गुंडाळली. नाटक झालं, टाळ्या झाल्या, आणि खोळीसकट बंदूक जिन्याखालच्या प्रेसमध्ये गेली. प्रेस म्हणजे तिथे कपाट. त्याच प्रेसमध्ये आमचे रेनकोट टांगलेले. मी म्हटलं, "निमिषराव, कुलूप लावा." म्हणाले, "हो आई, वीकेंडला." तो वीकेंड यायचा होता.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता म्हणून आम्ही निघालो नव्हतो. जरा उघडीप झाली तशी मी मागे कपडे वाळत घालायला गेले. परत आले तर पुढचं दार उघडं, प्रेसचं दार उघडं, आणि जमिनीवर ती खोळ पडलेली, रिकामी. यांचा स्वेटर घडी करून पायरीवर ठेवलेला. मी निमिषरावांच्या खोलीत घुसले आणि त्यांच्या कानावरचं ते यंत्र ओढून काढलं. मीटिंगमधली चार गोरी माणसं पडद्यावरून माझ्याकडे बघत राहिली.

गाडीत बसून निघालो.

बाजाराच्या तोंडाशी पोलिसांची गाडी आडवी लावलेली. पुढे रस्ता मोकळा. गजबजलेला रस्ता, तिथे चिटपाखरू नाही, दुकानांच्या काचांमागे माणसांचे चेहरे. बँकेचं दार बंद. आणि दारात हे. खाकी शर्ट वरपर्यंत बटणं लावलेला, बंदूक छातीशी तिरकी, बोट घोड्याच्या बाजूला, सगळं रीतीप्रमाणे. काय सांगू, किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान दिसलं. पब्लिक लांब होतं, रस्ता मोकळा होता, हातात हत्यार होतं. त्यांच्या हिशेबाने आयर्लंड आज कुठे ताळ्यावर आलं होतं.

नोरा गाडीपाशी उभी होती, दोन्ही हात पुढे करून यांच्याशी हळू आवाजात बोलत. हे तिचं ऐकत नव्हते, ऐकलं तरी कळत नव्हतं. तिने आम्हाला अडवलं. निमिषराव धापा टाकत तिला सांगू लागले की ती नाटकातली आहे, लाकूड आहे, पाइप आहेत. ती म्हणाली, "माझा विश्वास आहे. पण शेजारच्या लिमरिक शहरातून हत्यारबंद तुकडी निघालीय, आता पोचेल. ते आले की माझ्या हातात काही नाही. त्याआधी त्यांना ती खाली ठेवायला सांगा." हे सगळं निमिषरावांनी मला मराठीत सांगितलं.

"बाबा," ते ओरडले, "ती खाली ठेवा! जमिनीवर ठेवा!"

यांनी तिकडे असं बघितलं जसं कुणी शिवी दिली. "खाली? कुणी शिकिवलं तुला?" आणि पकड घट्ट केली. मी ओरडले, "अहो, मी आहे, इकडे या." त्यांनी मला ओळखलं. हसले. "थांब तिथंच बाकावर," म्हणाले, "जाधव आला न्हाई अजून."

फोनवर रेवती रडत होती, शॅननहून निघाली होती. आई, बाबांना सांग, आई काहीतरी कर. एक मनात आलं, जाऊन मिठी मारावी. पण ड्युटीवरच्या गार्डाच्या अंगाला हात लावला तर तो काय करतो ते मला माहीत होतं, झटका देऊन मागे सरतो आणि बंदूक उचलतो. ती उचलली गेली आणि त्याच वेळी ते लिमरिकवाले आले तर? मग दुसरं काय? विनवणी करून हा माणूस बंदूक सोडणार नव्हता. दमदाटी करून तर नाहीच. या माणसाच्या हातातून बंदूक आयुष्यभर एकाच रीतीने सुटली होती, आणि तो जाधव मरून पाच वर्षं झाली होती.

मी निमिषरावांना म्हटलं, "तुमचं जॅकेट काढा. टोपीपण." ते बघतच राहिले. "काढा म्हणते ना." काळं जॅकेट मी साडीवर चढवून गळ्यापर्यंत चेन ओढली, पदर आत खोचला, अंबाडा टोपीत कोंबला. नोराला काही समजायच्या आत तिच्या हाताखालून निघाले. ती मागून हाका मारत होती. मी मागे बघितलं नाही.

अर्ध्या रस्त्यात असताना मागे गाड्यांचे ब्रेक लागले, दारं आपटली, आणि माणसं इंग्रजीत ओरडायला लागली. सगळे शब्द कळले नाहीत, पण ओरडणं कळलं. नोराचा आवाज त्यांच्याहून वर चढला होता, थांबा, थांबा म्हणत होती. माझ्या पाठीला बंदुका होत्या आणि समोर आमचे हे. मी मुद्दाम मधोमध चालत राहिले, म्हणजे काही झालं तर आधी मला. शूरपणा नव्हे हो. मला एकटीला कोरेगावला परत जायचं नव्हतं, एवढंच.

यांनी माझ्या मागे बघितलं आणि चेहरा पालटला. खांदे वर गेले. बंदूक छातीपासून सुटायला लागली. "मागं कोण हाईत?" करड्या आवाजात विचारलं.

मी पायऱ्यांपाशी उभी राहिले. जाधव दमाने बोलायचा, तसंच बोलले. "कॅशव्हॅनची एस्कॉर्ट आहे. आपलीच माणसं." मग टोपी नीट केली आणि चारचौघांत, भर रस्त्यात, नवऱ्याचं नाव घेतलं. "गार्ड मुरलीधर साळुंखे, रिलीव्हर हजर."

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत मी होते, अजून मीच होते, मला दिसत होतं. तोंड उघडलं तेव्हा वाटलं आता म्हणतील, अगं ए, ही काय थेरं. तसं म्हणाले असते तर सगळंच संपलं असतं, आणि तरीसुद्धा मनाच्या एका कोपऱ्यात मला तेच ऐकायचं होतं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

याच प्रश्नाला मी बाकावर बसून हसायची. आता उत्तर मला द्यायचं होतं. मागचं ओरडणं आणखी जवळ आलं. मी म्हणाले, "गार्ड पुरुषोत्तम जाधव."

डोळ्यांतलं काहीतरी बदललं. विझलं म्हणू की काय म्हणू. सैल झाले, ओळखीचं हसले, पण ते हसणं जाधवसाठी होतं. "उशीर केलासा, जाधव," म्हणाले. मग नळ्या जमिनीकडे केल्या आणि बंदूक मधून मोडली. नसलेली काडतुसं काढून खिशात घातली. बंदूक आभाळाकडे धरून दोन्ही पाइपांतून आरपार बघितलं, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते बघितलं. ओरडणं थांबलं. दस्ता माझ्यापुढे आला.

"चार्ज दिला."

"चार्ज घेतला."

त्यांनी सलाम ठोकला आणि पायऱ्या उतरून भिंतीकडून चालू लागले. मी बंदूक टिम धरायचा तशी दंडावर उघडी धरून उभी राहिले, त्यांची पाठ वळेपर्यंत. त्यांच्या देखत ती जमिनीवर ठेवली असती तर परत आले असते. ते कोपऱ्यापाशी नोराच्या हातात सापडले तेव्हा मग मी खाली वाकले, ओल्या फरशीवर बंदूक ठेवली आणि दोन्ही हात वर केले. मला धरलं, वळवलं, तपासलं. त्यांचं काम होतं ते. एकजण फार तरुण होता. त्याने बंदूक उचलली, बोटाने लाकूड खरवडलं आणि तसाच खाली बसला.

पुढचं पोलीस स्टेशन, जबान्या, समज, निमिषरावांचं माफी मागणं, ते काही सांगत नाही. बंदूक त्यांनी ठेवून घेतली, बरं झालं. नोराने मला चहा दिला आणि माझा हात हातात धरून कितीतरी वेळ बसली. सगळे म्हणत होते, जीव वाचला, आई, तुम्ही वाचवलात. रेवती तर माझ्या गळ्यातच पडली होती. मी तिच्या खांद्यावरून यांच्याकडे बघत होते. बाकावर बसले होते, शांत. मी जवळ जाऊन बसले तर जरा सरकले, परक्या माणसाला जागा देतात तसे.

दुसऱ्या दिवशी दाढी केली नाही. ड्युटीचं नाव काढलं नाही. चार्ज दिला होता ना, आता कसली ड्युटी. बूट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत. मी टोपी नाही, जॅकेट नाही, त्यांना आवडायची ती हिरवी साडी नेसले, कुंकू लावलं, समोर उभी राहिले. "अहो," म्हटलं, "ओळखलंत का?" म्हणाले, "म्हंजी काय? जाधव न्हवं?"

महिना झाला, आम्ही कोरेगावला परत आलो. घर तेच, बाक तोच, खुर्ची तेवढी बदलली. रोज सकाळी बूट घालून दारात बसतात. बँकेत नेलं, चार पायऱ्यासुद्धा चढले नाहीत. एकदा मी छत्री घेऊन समोर उभी राहिले, म्हटलं, "गार्ड साळुंखे, चार्ज परत घ्या." किती मूर्ख बाई मी. त्यांनी मान हलवली. "रिटायर माणसाला चार्ज देत न्हाईत, जाधव." डॉक्टर म्हणतात, हे जाणारच होतं. जाणारच असेल. पण ते आपोआप जाणं आणि मी स्वतःच्या तोंडाने घालवणं एकच आहे का? मी त्यांना विचारलं. त्यांनी औषधं बदलून दिली.

काल दुपारी ताट वाढून त्यांच्यासमोर ठेवलं. वांग्याची भाजी, भाकरी. त्यांनी हात लावला नाही. मी म्हटलं, जेवा. तर आजूबाजूला बघून माझ्याकडे वाकले, आवाज खाली केला.

"नगं, जाधव. मला घरला जाऊ द्या. मी गेल्याबिगर ती जेवत न्हाई."

मी विचारलं, "कोण?"

जरा लाजले. या वयात, पांढऱ्या दाढीचे खुंट वाढलेले, लाजले. "अलकनंदा," म्हणाले. "माझी मालकीण. कुणाला सांगू नगासा, चारचौघांत नाव घेत न्हाई मी तिचं."

मी म्हटलं, "नाही सांगत."